पंखा फिरतोय, पडदा काळा

स्वतःच्या हातांनी पीसी जोडलेल्या प्रत्येकाला एक क्षण ओळखीचा असतो. बटन दाबलं, पंखे गरगरले, कॅबिनेटचे दिवे लागले... आणि मॉनिटर काळाकुट्ट. 'नो सिग्नल' एवढे दोन शब्द दाखवून तोही झोपी जातो. मग आपण कुणाला तरी फोन लावतो, "अरे, डिस्प्ले येत नाहीये." आणि पलीकडचा जाणकार काहीही न बघता सांगून मोकळा होतो, "बोर्ड गेला असेल."

या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत सात-आठ दशकांचा इतिहास आहे. तो माहीत असला की दुसरं वाक्य तोंडातून इतक्या पटकन निघत नाही आणि एखादा चांगला बोर्ड उगाच भंगारात जात नाही. म्हणून या विकांताला हाच विषय.

सुरुवातीला पडदा नव्हताच

कॉम्प्युटर म्हणजे पडदा हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण इतिहासात पडदा बराच उशिरा आला. १९४६ साली अमेरिकेत जगासमोर आलेल्या एनिॲकमध्ये १७ हजारांहून जास्त व्हॅक्यूम ट्यूब्स होत्या, आणि आत काय चाललंय ते निऑनचे छोटे दिवे सांगायचे. १९५१ च्या मँचेस्टरच्या फेरांटी मार्क वनला तर चक्क भोंगा होता! प्रोग्रॅममधून सूचना देऊन तो वाजवता यायचा, म्हणजे काम कुठवर आलं ते ऑपरेटरला कानाने कळायचं. आजच्या बीपचा हा पणजोबाच म्हणा ना.

आता आपल्या मुंबईत या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नासच्या दशकात एक आख्खा कॉम्प्युटर स्वतः बनवला. भारतातला हा पहिला मोठा 'असेंबल्ड' म्हणायला हरकत नाही. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब्स, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर! १९६० मध्ये तो रीतसर कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नाव ठेवलं. त्याला कॅथोड रे ट्यूबचा पडदासुद्धा होता. पण तो उत्तरं आणि आलेख दाखवायला. मशीनच गप्प झालं, तर तो पडदा काय सांगणार?

मला या गोष्टीतली सगळ्यात आवडणारी बाब वेगळीच आहे. या लोकांनी थेट मोठं मशीन बांधायला घेतलं नाही. आधी एक छोटं 'पायलट' मशीन बनवलं, १९५६ मध्ये ते चालवून बघितलं, आणि मगच मोठ्याला हात घातला. कमीत कमी भाग जोडा, ते चालतात याची खात्री करा, मग पुढचा भाग लावा. डिस्प्ले न येणाऱ्या पीसीवर आजही हाच उपाय करतात. लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

घरी जोडायच्या कॉम्प्युटरची गोष्ट सुरू होते जानेवारी १९७५ मध्ये. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. सुटे भाग मागवायचे, घरी बसून सोल्डर करायचे. मेमरी किती? २५६ बाइट्स! (केबी नाही हं, बाइट्स.) आणि पडदा? नाहीच. समोरच्या पट्टीवर बटनं आणि लाल दिवे, बस्स. घरोघरी जोडल्या गेलेल्या पहिल्या गाजलेल्या कॉम्प्युटरमध्ये डिस्प्ले 'येत नाही' ही तक्रारच शक्य नव्हती, कारण दिवे लुकलुकले की लोक खूश!

बटन दाबल्यावर काय होतं?

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला आणि त्यात एक चांगली सोय करून ठेवली. चालू झाल्या झाल्या मशीन स्वतःची तब्येत स्वतः तपासायचं. याला पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट, म्हणजे 'पोस्ट' म्हणतात. सगळं ठीक असेल तर एक आखूड बीप. डिस्प्लेच्या कार्डात घोळ असेल तर एक लांब आणि दोन आखूड. कल्पना किती साधी आहे बघा. ज्याच्यावर तक्रार लिहायची तो पडदाच बंद असेल, तर तक्रार तोंडाने करावी!

आता जरा तांत्रिक, पण कंटाळू नका. त्या पीसीतला ८०८८ प्रोसेसर जागा झाला की १ एमबीच्या पत्त्यांमधल्या शेवटच्या १६ बाइट्सपाशी जायचा. तिथे बायॉसच्या रॉममध्ये 'कुठून सुरुवात करायची' हे लिहिलेलं असायचं. त्या वेळी रॅम चालते की नाही हेही माहीत नसतं, त्यामुळे सुरुवातीच्या तपासण्या प्रोसेसर आपल्या पोटातल्या रजिस्टरांच्या भरवशावर करतो. मग रॉमची बेरीज जुळते का, टायमर चालतो का, पहिली १६ केबी रॅम धड आहे का, असं करत करत गाडी डिस्प्लेपाशी येते.

आजचे प्रोसेसर कितीतरी वेगवान आहेत, पण क्रम साधारण तोच. आधी एसएमपीएस आपली व्होल्टेज स्थिर करतो आणि 'पॉवर गुड' असा इशारा देतो. एटीएक्सच्या नियमाप्रमाणे हा इशारा १०० ते ५०० मिलिसेकंदांनी येतो. मग प्रोसेसर, मग बायॉस, मग रॅम, आणि मग ग्राफिक्स.

म्हणजे मंडळी, पडदा इतिहासातही उशिरा आला आणि रोज बटन दाबल्यावरही सगळ्यात उशिरा येतो. 'डिस्प्ले येत नाही' याचा अर्थ एवढाच, की रांगेत उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी अडलंय आणि मॉनिटर रांगेच्या शेवटी आहे म्हणून शिव्या त्याला पडतायत.

बीपच्या बोली

आयबीएमच्या बायॉसची जशीच्या तशी नक्कल करणं बेकायदा होतं. पण तेच काम करणारा बायॉस स्वतंत्रपणे लिहायला कुणाची हरकत नव्हती. कॉम्पॅकने तो आपल्या मशीनसाठी लिहिला, १९८४ मध्ये फिनिक्सने इतरांना विकायला काढला, मग अवॉर्ड आले. १९८५ मध्ये अमेरिकन मेगाट्रेंड्स, म्हणजे एएमआय, सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक होते भारतात जन्मलेले एस. शंकर. कुणीही बोर्ड बनवावा आणि कुणीही पीसी जोडावा हे शक्य झालं ते या बायॉसवाल्यांमुळे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पुढे जो असेंबल्ड पीसीचा बाजार फुलला, त्याच्या मुळाशी हेच आहे.

पण दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात तसं इथेही झालं. प्रत्येकाच्या बीपची बोली वेगळी! अवॉर्डमध्ये एक लांब दोन आखूड म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. एएमआयच्या जुन्या बायॉसमध्ये तीन आखूड म्हणजे रॅम, आठ आखूड म्हणजे ग्राफिक्सची मेमरी. फिनिक्स तर बीपचे गट करून बोलायचा. आज काही बोर्डांवर एक लांब दोन आखूड म्हणजे रॅम सापडत नाही, आणि एक लांब तीन आखूड म्हणजे ग्राफिक्स सापडत नाही. म्हणून ऐकीव ज्ञानावर न जाता आपल्या बोर्डाचं मॅन्युअल उघडावं. १९८४ च्या पीसी/एटीपासून प्रत्येक टप्प्याचा आकडा ८० नंबरच्या पोर्टवर पाठवायची पद्धत पडली आणि ते दोन आकडे दाखवणारं छोटं 'पोस्ट कार्ड' रिपेअरवाल्यांच्या बॅगेत आलं. कार्ड खोचलं की मशीन कुठल्या टप्प्यावर थांबलंय ते समोर.

गारगोटीतलं मौन

आता म्हणाल, यात गारगोटी कुठून आली? सांगतो.

गारगोटी म्हणजे कोल्हापूरपासून साधारण ५० किलोमीटरवरचं, वेदगंगेकाठचं, भुदरगड तालुक्याचं गाव. माझा मावसभाऊ तिथे राहतो. त्याने सुटे भाग जमवून पीसी जोडला, आणि मला फोन. "दादा, पंखं फिरत्यात, लाईट लागत्यात, पण समोर कायच येईना बघ." ज्या दुकानातून बोर्ड घेतला तिथे त्याने आधीच विचारलं होतं. उत्तर अर्थातच, "बोर्ड घेऊन या, बदलावा लागेल." म्हणजे सगळं खोलायचं, बोर्डाचा खोका मांडीवर घेऊन एसटीने कोल्हापूर गाठायचं आणि मग आठवडाभर वाट बघायची.

म्हटलं थांब, आधी रांग तपासू. प्रोसेसरच्या बाजूची १२ व्होल्टची वेगळी पिन लावलीस का? (२००० साली पेंटियम फोरबरोबर ही पिन आली. ती राहिली तरी पंखे मस्त फिरतात आणि माणूस फसतो.) लावली होती. बोर्डाखाली एखादा स्क्रू अडकून शॉर्ट होतोय का? बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवायला लावला. फक्त प्रोसेसर, एक रॅम, ग्राफिक्स कार्ड. तेच ते, टिफ्रॅकचं पायलट मशीन! तरीही पडदा काळाच.

मग विचारलं, बीप येतो का? कुठून येणार! नव्या कॅबिनेटमध्ये तो नखाएवढा स्पीकर देतच नाहीत. त्याने गावातल्या एका रिपेअरवाल्याकडून जुन्या कॅबिनेटमधला स्पीकर मागून आणला. म्हटलं, आता रॅम काढ आणि चालू कर. बीप सुरू! रॅम नसल्याची तक्रार करणारा कुणीतरी आत जिवंत आहे, म्हणजे प्रोसेसर आणि बायॉस ठणठणीत. बोर्ड गेलेला नाही, एवढं तिथेच सिद्ध झालं. रॅम परत लावली, तर एक लांब, तीन आखूड. मॅन्युअल म्हणालं, ग्राफिक्स कार्ड सापडत नाही. कार्ड होतं सेकंडहँड, आणि भुदरगडातला पाऊस तुम्हाला माहीत असेलच. सोनेरी कडा खोडरबराने पुसली, खटका वाजेपर्यंत कार्ड दाबलं. आला डिस्प्ले!

गारगोटीतल्या मोठ्या शिक्षणसंस्थेचं नाव श्री मौनी विद्यापीठ. पाटगावच्या शिवकाळातल्या मौनी महाराजांवरून ते ठेवलंय. १९५२ सालच्या या संस्थेच्या उभारणीत शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा मोठा वाटा. हेच नाईक पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्या आयोगाने शिफारस केली, की हाताने काम करणं हा शिक्षणाचाच भाग हवा. आपण शाळेत ज्या 'कार्यानुभव' तासाला कागदाची फुलं केली, त्यामागे हा विचार होता. नाईक १९८१ साली गेले, आयबीएमचा पीसी आला त्याच वर्षी. खेड्यातल्या मुलाने पीसी उघडून बसणं त्यांच्या कल्पनेत चपखल बसलं असतं असं मला वाटतं.

२००१ मध्ये एमकेसीएल आली आणि एमएस-सीआयटीने गावोगाव लोकांच्या हातात माउस दिला. फार मोठं काम झालं ते. पण माउस चालवणं आणि कॅबिनेट उघडणं यात अंतर आहे, आणि शहरापासून जितकं लांब जावं तितकं त्या अंतराचं भाडं जास्त पडतं. पुण्यात बोर्ड बदलणं म्हणजे संध्याकाळची एक चक्कर. गारगोटीत तो पूर्ण दिवस असतो, कधी कधी पूर्ण महिन्याची बचत.

म्हणूनच तो स्पीकर गेल्याचं मला वाईट वाटतं. महागड्या बोर्डांवर आता सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतात, जो पेटून राहील तिथे गाडी अडली. म्हणजे फिरून आपण एनिॲकच्या दिव्यांपाशी आलो! पण स्वस्त बोर्डांवर अनेकदा हे दिवेही नसतात आणि स्पीकरही नसतो. ज्याला बोर्ड बदलणं सगळ्यात कमी परवडतं, त्याचंच मशीन सगळ्यात मुकं.

तेव्हा दोन गोष्टी. नवा पीसी जोडणार असाल तर भागांच्या यादीत तो छोटा स्पीकर आवर्जून लिहा. बोर्डावर त्याची चार पिनांची जागा शोधा, बहुतेक वेळा ती असते. आणि डीडीआर५ ची रॅम असेल तर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं थांबा. रॅमशी जुळवून घ्यायला मशीनला वेळ लागतो आणि तोवर पडदा काळाच राहतो. त्या काळात बटन बंद-चालू करत बसलात तर ते बिचारं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.

असो. पुढच्या वेळी कुणी "डिस्प्ले येत नाही" म्हणालं, तर "बोर्ड गेला" म्हणायच्या आधी एवढंच विचारा: बीप येतो का?