डॉक्टर आणि आमचे काका

आमच्या भंडाऱ्याकडे नाटक म्हणजे मंडईतलं. धान कापून झालं, भाऊबीज आटोपली की गावोगाव मंडई भरते आणि रात्री सुरू झालेलं नाटक पार पहाटेपर्यंत चालतं. माझे काका दिवसा शाळेत मास्तर आणि झाडीपट्टीच्या हंगामात खलनायक. सकाळी डोळ्यांतलं काजळ न पुसताच हजेरी घ्यायचे.

काकांचं दैवत एकच, डॉ. श्रीराम लागू. आधी मला वाटायचं, 'पिंजरा'तल्या (१९७२) गुरुजींमुळे असेल. मास्तराला मास्तर आवडणारच! 'सामना'मध्येही (१९७५) ते मास्तरच, पण दारूत बुडालेले. निळू फुल्यांच्या हिंदुरावासमोर बसून एका गायब माणसाबद्दल तोच तो प्रश्न विचारत राहतात. एकाच नटाने तीन वर्षांच्या अंतराने केलेले हे दोन मास्तर शेजारी ठेवून बघा. पहिल्याची ताठ मान, दुसऱ्याचा वाकलेला खांदा. दुसऱ्याच्या आवाजाला जी धार आहे, ती पहिल्याकडे नाही.

पण काकांचं कारण वेगळंच निघालं. "डाक्टरी सोडली जी त्यानं!" असं ते आयुष्यभर म्हणत राहिले.

खरंच सोडली होती. कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात शिकलेले, आफ्रिकेत टांझानियापर्यंत जाऊन आलेले. १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकापासून ते पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी २३ डिसेंबरला 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग. शिवाय 'गिधाडे', 'हिमालयाची सावली', हिंदीत 'घरौंदा', अॅटनबरोंच्या 'गांधी'त (१९८२) गोपाळ कृष्ण गोखले. हिंदीत त्यांच्या वाट्याला वडील आणि न्यायाधीशच जास्त आले, हे मला कधीच पटलं नाही. असो. सत्तरी ओलांडल्यावर 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये सॉक्रेटिस उभा केला, त्यात सगळी भरपाई झाली.

काकांनाही एकदा पूर्णवेळ नाटकात जायचं होतं. मंडळ बोलवत होतं. घरात तीन मुलं, दोन एकर धानाची शेती आणि काकूचं एकच वाक्य, "पगार कोन आनंल?" काका राहिले.

१७ डिसेंबर २०१९ ला लागू गेले, तेव्हा मी काकांना फोन केला. काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला घरी गेलो तर 'लमाण' उशाशी होतं, डॉक्टरी सोडल्याच्या पानावर बसचं तिकीट खुणेला घातलेलं.

"पुढचं वाचलं नाही का, काका?"

"वाचलं ना. पन येवढंच पुन्हा पुन्हा वाचतो."