दिवा विझला, दोष उरला! जुन्या मोटारीचे इशारे ओळखताना

मोटार दहा-बारा वर्षांची झाली, की डॅशबोर्डवरचा एखादा दिवा अधूनमधून लागू लागतो. गॅरेजमध्ये एखादा सुटा भाग बदलला जातो, दिवा विझतो आणि पंधरवड्याने पुन्हा लागतो. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या, की मालक त्या दिव्याकडे काणाडोळा करू लागतो. खरा धोका तेथेच सुरू होतो. कोणता भाग निकामी झाला, हे दिवा सांगत नाही. कोणत्या यंत्रणेत बिघाड आहे, एवढेच तो सांगतो. हा भेद ध्यानात ठेवला, तर वारंवारचा खर्च टळतो आणि प्रसंगी अपघातही.

आधी रंग पाहा

लाल दिवा म्हणजे सुरक्षित जागा पाहून लगेच थांबण्याचा इशारा. पिवळा किंवा नारिंगी दिवा लवकर तपासणी करून घ्यावी, असे सुचवतो. हिरवे आणि निळे दिवे बहुधा केवळ माहितीपर असतात.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तेल, बॅटरी, इंजिन, एबीएस व एअरबॅग यांचे दिवे लागायला हवेत आणि थोड्याच वेळात किंवा इंजिन सुरू होताच विझायला हवेत. जुनी मोटार विकत घेताना ही चाचणी आवर्जून करावी. एअरबॅगचा दिवा मुळीच लागत नसेल, तर दोष लपवण्यासाठी दिवाच निकामी केला असण्याची शक्यता असते.

तेल आणि बॅटरी

तेलाचा लाल दिवा तेलाची पातळी नव्हे, तर तेलाचा दाब कमी झाल्याचे दाखवतो. दाबाशिवाय इंजिन काही मिनिटे चालले, तरी बेअरिंग जळून ते जाम होऊ शकते. म्हणून इंजिन तत्काळ बंद करावे आणि काही मिनिटांनी डिपस्टिकने पातळी पाहावी. पातळी योग्य असूनही, इंजिन गरम झाल्यावर सिग्नलला थांबताच दिवा लुकलुकत असेल, तर तेल पातळ झाले आहे, दाबाचा सेन्सर सदोष आहे किंवा तेलपंप अथवा बेअरिंग झिजले आहे. सेन्सर स्वस्त असल्याने आधी तोच बदलला जातो. मात्र त्यापूर्वी मापकयंत्र लावून दाब मोजण्याचा आग्रह धरावा.

बॅटरीचा दिवा प्रामुख्याने चार्जिंगविषयी बोलतो. इंजिन बंद असताना चांगली भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते; इंजिन सुरू झाल्यावर हा आकडा साधारणतः १३.८ ते १४.५ पर्यंत जातो. तो वाढतच नसेल, तर आल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा गंजलेली जोडणी तपासावी. अन्यथा नवी बॅटरीही अशीच उतरत राहते आणि दोष तिच्या माथी मारला जातो.

इंजिन कधी तापते?

तापमानाचा काटा वर चढला, तर गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. उकळते पाणी उसळून गंभीर भाजण्याचा धोका असतो. दोष शोधताना मोटार कधी तापते, हे महत्त्वाचे ठरते. केवळ वाहतूक कोंडीत तापत असेल, तर रेडिएटरच्या पंख्याचा संशय घ्यावा. महामार्गावर वेगात असताना तापत असेल, तर तुंबलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा पाण्याचा पंप तपासावा. कूलंट वारंवार कमी होत असेल, तर कोठे तरी गळती आहे. त्यात नुसते पाणी भरत राहिल्यास आतून गंज धरतो.

घाटात लुकलुकणारा दिवा

ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही केवळ वळणावर किंवा उतारावर क्षणभर लागत असेल, तर तो सेन्सरचा खेळ समजू नये. टाकीतील ब्रेक ऑइल कमी झाले, की ते वळणावर हिंदकळते आणि दिवा लागतो. पातळी घटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे झिजलेले ब्रेक पॅड. दुसरे, अधिक घातक कारण म्हणजे गळती. नुसते ऑइल भरले, की दिवा विझतो, पण दोष तसाच राहतो. लांब घाट उतरण्यापूर्वी पॅडची जाडी व चारही चाकांजवळील गळती तपासलीच पाहिजे. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते, त्यामुळे ते साधारण दोन वर्षांनी बदलणे इष्ट.

इंजिनाचा दिवा आणि कोड

बीएस-४ निकष एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे व सोलापूरसह देशातील १३ शहरांत लागू झाले आणि २०१७ मध्ये देशभर. या मोटारींतील संगणक दोषांची नोंद कोडच्या रूपात ठेवतो. चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल, तर मोटार जपून गॅरेजपर्यंत नेता येते. तो उघडझाप करत असेल, तर पेट्रोल मोटारीत बहुधा इंजिन मिसफायर होत असते आणि न जळलेले इंधन महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची हानी करते.

कोड वाचणे म्हणजे निदान नव्हे. 'पी०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. कारण स्पार्क प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन यांपैकी काहीही असू शकते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यास पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी. कोड 'पी०३०२' झाला, तर दोषी कॉइलच. 'पी०१७१' हा कोड आला, की ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. पण अनेकदा दोष हवेच्या तडकलेल्या नळीत असतो. केवळ कोड पुसून घेण्यात अर्थ नाही; कारण कायम असेल, तर तो परत येतो.

नोंदवही ठेवा

येणारा-जाणारा दोष गॅरेजमध्ये नेमका दिसत नाही. म्हणून दिवा कधी लागला, इंजिन थंड होते की गरम, पाऊस होता का, एसी सुरू होता का, वेग किती होता, हे तारखेसह लिहून ठेवावे. फक्त पावसाळ्यात येणारा दोष ओलसर जोडणीकडे, तर खड्ड्यावर आदळताच येणारा सैल वायरिंगकडे बोट दाखवतो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि गंजलेली अर्थिंगची तार हीही नेहमीची कारणे. मेकॅनिकला 'दिवा घालवा' असे न सांगता ही नोंद दाखवावी आणि भाग बदलण्यापूर्वी त्याने काय तपासले, हे विचारावे.

खासगी मोटारीची मूळ नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर ती ५ वर्षांसाठी वाढवता येते. मोटार ठेवायची की काढायची, हा निर्णयही तेव्हा घ्यावा लागतो. दोषाचे मूळ ठाऊक असेल, तर तो विचारपूर्वक घेता येतो.