दाहजनक पेशीमृत्यू

जंतुसंसर्ग झालेली पेशी, विशेषतः महाभक्षी पेशी, स्वतःच्या आवरणाला छिद्रे पाडून फुगते व फुटते आणि मरताना दाह निर्माण करणारे पदार्थ बाहेर टाकते, त्या जनुकनियंत्रित प्रक्रियेस दाहजनक पेशीमृत्यू किंवा पायरोप्टोसिस म्हणतात. ॲपॉप्टोसिस या नित्याच्या नियोजित मृत्यूत पेशी आकसून, दाह न होता नाहीशी होते. येथे मात्र जंतूचा पेशीतील आसरा मोडला जातो आणि श्वेतपेशी संसर्गाच्या जागी ओढल्या जातात. शिगेला जंतूने ग्रासलेल्या महाभक्षी पेशींचा १९९२ मध्ये वर्णिलेला असा मृत्यू आधी ॲपॉप्टोसिसच समजला गेला. त्याला वेगळे नाव कुकसन व ब्रेनन यांनी २००१ मध्ये दिले.

पेशीतील संवेदक प्रथिनांना जंतूची चाहूल लागली की ती एकत्र येऊन इन्फ्लमासोम हे संकुल बनवतात. त्यामुळे कॅस्पेज-१ हे विकर सक्रिय होऊन इंटरल्यूकिन-१ बीटा व इंटरल्यूकिन-१८ ही दाहकारक प्रथिने पक्व करते, तसेच गॅस्डर्मिन-डी हे प्रथिन कापते, आणि त्याचे तुकडे आवरणात शिरून सुमारे २० नॅनोमीटर व्यासाची छिद्रे तयार करतात. गॅस्डर्मिन-डीचे हे कार्य २०१५ मध्ये उघड झाले. पेशीचे अखेरचे फुटणेही आपोआप होत नसून त्यासाठी निंजुरिन-१ हे प्रथिन लागते, हे २०२१ मध्ये दिसून आले.

जंतू ही यंत्रणा कशी चुकवतात याचे बोधक उदाहरण प्लेगच्या जंतूचे, म्हणजे येर्सिनिया पेस्टिसचे आहे. महाराष्ट्राला हा रोग १८९६ च्या मुंबईतील साथीपासून परिचित असून, बीड जिल्ह्यातील मामला गावी ऑगस्ट १९९४ मध्ये, आधी उंदीर मरून पडल्यानंतर, गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. पिसवेच्या शरीरातील कमी तापमानात या जंतूच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइडाला सहा मेदाम्लसाखळ्या असतात. माणसाच्या ३७° से. तापमानात मात्र प्रामुख्याने चारच राहतात, आणि हा अपुरा रेणू प्रतिकारयंत्रणेला नीट ओळखता येत नाही. शिवाय जंतू पेशीत सोडत असलेले योप-एम हे प्रथिन पायरिन या संवेदकाला दाबून ठेवते. योप-जे या दुसऱ्या प्रथिनाचा डाव मात्र जंतूवरच उलटू शकतो : ते पेशीचे दाहसंकेत रोखते, परंतु त्या रोखण्याचीच दखल घेऊन पेशी कॅस्पेज-८ मार्फत गॅस्डर्मिन-डी कापते, असे उंदरांच्या पेशींवरील प्रयोगांत २०१८ मध्ये आढळले. जांघेत वा काखेत येणारी वेदनामय गाठ केवळ या पेशीमृत्यूने येते असे समजणे चूक ठरेल. लसीकाग्रंथीत जंतूंची झालेली बेसुमार वाढही तिला कारण असते.

हा प्रतिसाद आवरला गेला नाही तर तोच घातक ठरतो. जंतुजन्य विषाक्ततेत अनेक पेशी एकाच वेळी फुटल्यास रक्तदाब कोसळतो आणि रक्त वाहिन्यांतच गोठू लागते. म्हणून छिद्रे रोखणाऱ्या द्रव्यांचा शोध सुरू असून, मद्यासक्तीवर दिले जाणारे जुने औषध डायसल्फिराम गॅस्डर्मिन-डीची छिद्रे होऊ देत नाही, असे २०२० मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले.