लाल, हिरवा, निळा : यातला आपला कोणता?



वर्धापन दिनाच्या तयारीतली गोष्ट. विहाराच्या ओट्यावर पोरं पताका चिकटवत बसली होती. पुण्याहून आणलेल्या पतंगाच्या कागदाच्या गठ्ठ्यात निळ्याबरोबर थोडे लाल आणि थोडे हिरवे कागदही निघाले. एका पोराने ते उचलून बाजूला फेकले. म्हणाला, "लाल त्यांचा, हिरवा त्यांचा. आपला फक्त निळा." मी विचारले, "कुणी सांगितलं रे?" तर म्हणाला, "सगळेच सांगतात."

पोराच्या डोक्यावरच पंचशील ध्वज लावलेला होता आणि त्यातला तिसरा पट्टा लाल आहे. पण पोराची चूक नाही. आपण त्याला झेंडा दिला, झेंड्याची हकीकत दिली नाही. स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा असे मंडळाने सांगितले तेव्हा म्हटले, हेच लिहू.

मुळशीच्या माणसाला हे तीन रंग शिकायला शाळेत जावे लागत नाही. श्रावणात ताम्हिणीकडे तोंड करून उभे राहिले की खाचरातला आंबेमोहर हिरवागार, बांधाची माती तांबडी आणि ढग जरा फाटले की मधेच निळा तुकडा. माती तांबडी का, तर खडकातले लोखंड हवा-पाण्याने गंजते, तो गंज आहे. पान हिरवे का, तर पानातले हरितद्रव्य सूर्यप्रकाशातला तांबडा आणि निळा भाग शोषून घेते आणि हिरवा बराचसा परत पाठवते. आकाश निळे दिसते ते हवेत निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त विखुरतो म्हणून. यात कुणाची जात नाही की कुणाचा पक्ष नाही. जात आणि पक्ष माणसाने नंतर चिकटवले, आणि कधी चिकटवले हे बऱ्याच वेळा सांगता येते.

आपल्या महाराष्ट्रात बौद्धांनी हे तिन्ही रंग एका भिंतीवर मांडले ते अजिंठ्याला. इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, तिथल्या 1, 2, 16 आणि 17 नंबरच्या लेण्यांत चित्रे काढली गेली. लाल आणि पिवळा रंग गेरूचा व पिवळ्या मातीचा. आपल्या आया-आज्या भिंतीचा पट्टा ज्या गेरूने काढायच्या तोच. हिरवा तिथल्याच काळ्या खडकाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. मुळशीचे डोंगर ज्या खडकाचे, अजिंठ्याचाही खडक तोच. म्हणजे लाल आणि हिरवा घरचे होते. निळा मात्र घरचा नव्हता. तो लाजवर्द नावाच्या दगडाची पूड करून केलेला, आणि तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून आलेला. तिथल्याच 9 आणि 10 नंबरच्या लेण्यांत याच्याही पाच-सहाशे वर्षे आधीची चित्रे आहेत, त्यांत हा निळा नाही. पुढे व्यापाऱ्यांचे तांडे जाऊ-येऊ लागले, विहारांना दान मिळू लागले, तेव्हा निळा अजिंठ्याच्या भिंतीवर आला. आज आपण ज्याला "आपला" म्हणतो तो रंग एके काळी सर्वांत लांबचा पाहुणा होता, हे मला तरी मोठे गमतीचे वाटते.

तथागतांनी स्वतः रंगांबद्दल काय केले तेही पाहू. विनयपिटकाच्या महावग्गात चीवराचे प्रकरण आहे. सुरुवातीला भिक्खू शेणाने आणि पिवळ्या मातीने चीवर रंगवीत, रंग नीट बसत नसे. तेव्हा भगवंतांनी मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ अशा सहा गोष्टींपासून काढलेल्या रंगांना परवानगी दिली. पुढे काही भिक्खू संपूर्ण निळी, संपूर्ण पिवळी, संपूर्ण लाल चीवरे घालून फिरू लागले. लोक म्हणाले, हे तर आमच्यासारखेच चैनी गृहस्थ दिसतात. म्हणून भगवंतांनी त्याला मनाई केली. ध्यान द्या, तिथे संपूर्ण निळेसुद्धा मना आहे. रंग वाईट म्हणून ही मनाई नव्हती, मिरवणे वाईट म्हणून होती.

उलट गृहस्थांचे पाहा. महापरिनिब्बान सुत्तात वैशालीचे लिच्छवी भगवंतांच्या भेटीला येतात ते कुणी निळ्या कपड्यात, निळ्या दागिन्यांत, कुणी पिवळ्या, कुणी लाल, कुणी पांढऱ्या. भगवंत नाराज होत नाहीत. ज्यांनी तावतिंस देव पाहिले नसतील त्यांनी हे लिच्छवी पाहावेत, असे ते भिक्खूंना सांगतात. ध्यानासाठी जी चार रंगांची कसिणे सांगितली आहेत ती हीच : नील, पीत, लोहित, ओदात. यात हिरवा कुठे गेला, असे तो पोरगा नक्की विचारील. तर पालीतला "नील" हा शब्द मोठा ऐसपैस आहे. निळा, काळसर निळा आणि हिरवट निळा एवढे सगळे त्यात मावते. हिरवा हाकलला गेला नव्हता, निळ्याच्याच घरात राहत होता.

ध्वजाची हकीकत थोडक्यात सांगतो. पंचशील ध्वज म्हणजे काही बुद्धकाळातला ध्वज नव्हे. तो 1885 साली श्रीलंकेत, कोलंबोच्या बौद्धांनी समिती नेमून तयार केला आणि त्याच वर्षीच्या वैशाखी पौर्णिमेच्या सणाला पहिल्यांदा फडकला. इंग्रज सरकारने वैशाखी पौर्णिमेची सुट्टी परत मान्य केली त्या वेळची ही गोष्ट. कर्नल ऑल्कॉट या अमेरिकन गृहस्थाने ध्वज नेहमीच्या आकाराचा करा अशी सूचना केली आणि तो तसा झाला. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी आणि शेवटी पाचही रंगांचा मिळून सहावा पट्टा. भगवंतांच्या देहातून सहा रंगांची प्रभा निघाली अशी जी परंपरा आहे तिच्यावरून हे रंग घेतले.

आता आपल्या घराजवळ येऊ, कारण लाल, हिरवा आणि निळा यांची खरी गाठ इथेच, मुळशीत पडते.

आज जिथे मुळशीचे धरण आहे तिथे मुळा आणि नीला या नद्यांचा संगम होता. होय, नदीचे नावच नीला. या खोऱ्यातली भाताची खाचरे टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाखाली जाणार म्हणून 1921 साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो लढवला. पुस्तकांतून मावळ्यांचे शौर्य वाचायला मिळते, ते खरेच आहे. पण बुडणाऱ्या जमिनींपैकी पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मग ज्याच्या नावावर काहीच नाही, ज्याच्या वाट्याला महारकीची हाडकी-हाडोळा एवढीच, त्याला या हिरव्यातले किती आपले म्हणता येत होते? सत्याग्रह 1924 पर्यंत चालला आणि हरला. हिरवे पाण्याखाली गेले. 1927 पासून ते पाणी डोंगरातून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात पडू लागले आणि टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली.

त्या गिरण्यांत कोण होते? मावळ, मुळशी आणि कोकणातून पोटासाठी गेलेली माणसे. त्यात आपलीही होती. पण गिरणीतसुद्धा विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. यंत्र विजेवर चाललेले, पण विटाळ जुनाच.

या कामगारांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी बाबासाहेबांनी 15 ऑगस्ट 1936 रोजी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्या पक्षाचा झेंडा कोणत्या रंगाचा होता? लाल. लाल कापड आणि कोपऱ्यात अकरा तारे, ब्रिटिश हिंदुस्थानच्या अकरा प्रांतांचे. हे मी सभेत सांगतो तेव्हा पुष्कळांना खरे वाटत नाही. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले आणि 10 जानेवारी 1938 ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला तोही याच पक्षाच्या काळात. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे सांगितले. 7 नोव्हेंबर 1938 ला, संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात बाबासाहेबांचा पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते.

मग लाल का राहिला नाही? माझे मत असे की रंग आवडेनासा झाला म्हणून नव्हे. दुसरा शत्रू दिसणारे खूप होते, पहिला शत्रू दिसणारे फार थोडे. विणकाम खात्याच्या दाराशी गिरणीतली एकजूट थांबत होती. त्यात 1942 साली क्रिप्स साहेब योजना घेऊन आले आणि अस्पृश्यांच्या हक्काचा प्रश्न बाजूलाच पडला. मजूर म्हणून बोलायला गेले तर अस्पृश्यांचे प्रतिनिधी मानत नाहीत, असा तो पेच. म्हणून जुलै 1942 मध्ये नागपूरला परिषद भरून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना ठरली आणि फेडरेशनचा झेंडा निळा झाला. आकाशाखाली सगळे सारखे म्हणून निळा, असा त्याचा अर्थ आपली जुनी माणसे सांगत आली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षेसाठी लोक पांढऱ्या कपड्यांत गेले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 3 ऑक्टोबर 1957 ला रिपब्लिकन पक्ष झाला आणि निळ्यावर अशोकचक्र आले.

चक्रावरून आठवले. देशाचा ध्वज ठरवण्यासाठी 1947 च्या जूनमध्ये जी समिती नेमली गेली तिच्यात बाबासाहेब होते. 22 जुलैला घटना समितीने ध्वज स्वीकारला : केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरख्याच्या जागी सारनाथच्या स्तंभावरचे चोवीस आऱ्यांचे चक्र, गडद निळ्या रंगात. हिरवा म्हणजे जमिनीशी आणि झाडाझुडपांशी असलेले नाते, असे डॉ. राधाकृष्णन यांनी तिथे सांगितले. ते नाते आपल्याला फुकट मिळाले नाही. महारकी वतने कायद्याने गेली ती 1958 च्या कायद्याने, आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी 1959 ला आणि पुन्हा 1964-65 ला सत्याग्रह करून तुरुंग भरले. हातात झेंडा निळा, मागणी हिरव्याची. आता मुळशीत हिंजवडीपासून पिरंगुट-पौडपर्यंत खाचरांचे प्लॉट झाले, तो विषय वेगळा. पण कुणाच्या नावावर किती होते हा प्रश्न तिथेही आहेच.

लालाचा राग आपल्याकडे आला तो झेंड्यातून नाही, शेंदरातून आला. दीक्षेनंतर लोकांनी शेंदूर फासलेले देव नदीत सोडले. त्या पिढीला लाल दिसला की म्हसोबा आठवे, हे समजण्यासारखे आहे. पण हिरव्याचे काय? लग्नात नवरी पांढरे लुगडे नेसते, आणि बांगड्या कोणत्या यावर दर वर्षी एक तरी भांडण होते. एका लग्नात आमच्याच एका कार्यकर्त्याने हिरवा चुडा काढायला लावला, पोरगी रडायला लागली. मला ते पटले नाही. बाबासाहेबांनी डिसेंबर 1927 ला महाडला बायकांना सांगितले होते की ज्या लुगड्यावरून, ज्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता ते टाका. हातातल्या काचेवरून कुणी आपल्याला ओळखत नव्हते, ती काच सगळ्याच जातींच्या बायका घालत. तिथे बसलेल्या एका आजीने त्या कार्यकर्त्याला चांगलेच ऐकवले : "बाबा, शेंदूर देवानं मागितला म्हणून दिला, तो मी टाकला. ह्यो चुडा मला कुठल्या देवानं दिला न्हाय. कासाराला पैसे मोजून घेतलाय."

त्या दिवशी फेकलेले कागद मी गोळा करून ठेवले. लाल कागद पंचशील ध्वजाच्या माळेला लागले, थोडे कमीच पडले. हिरवे अजून विहाराच्या कपाटात आहेत.