मेंढ्या, थायरॉइड आणि जिन्यावरची धाप

मंडळी, या वीकांताची गोष्ट मेंढ्यांपासून सुरू होते.

साल १८९१, इंग्लंडमधलं न्यूकॅसल. जॉर्ज मरे नावाचा पंचविशीतला डॉक्टर आणि त्याची ४६ वर्षांची रुग्ण. चेहरा सुजलेला, बोलणं जड, सतत थंडी, सगळ्या हालचाली मंद. या आजाराला विल्यम ऑर्डने १८७८ मध्ये मिक्सिडीमा असं नाव दिलं होतं. गलगंडासाठी सगळी थायरॉइड ग्रंथी काढून टाकली की माणूस असाच मंदावत जातो, हे स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखरने १८८३ मध्ये जाहीर केलं होतं. मरेचं लॉजिक साधं होतं: जे कमी पडतंय ते बाहेरून द्या. त्याने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क बाईंना कातडीखाली टोचला. बाई सुधारल्या! पुढे हाच अर्क तोंडाने दिला तरी चालतो हेही कळलं. त्या १९१९ मध्ये, ७४व्या वर्षी गेल्या. मरेच्या हिशोबाने या २८ वर्षांत त्यांच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्या लागल्या.

पण डोस किती द्यायचा? रक्ताची चाचणीच नव्हती. वजन, नाडी, अंगाची ऊब आणि डॉक्टरचा अंदाज, बस्स.

आणि इथेच श्वासाचा प्रश्न येतो. १९१८ मध्ये हेर्मान झोंडेक या जर्मन डॉक्टरने दाखवलं की मिक्सिडीमात हृदयाचा आकार वाढलेला दिसतो आणि थायरॉइडचं औषध दिलं की तो परत कमी होतो. आज आपल्याला माहीत आहे की हार्मोन फार कमी पडलं तर हृदय मंदावतं, त्याच्याभोवती पाणी साठू शकतं, श्वासाचे स्नायू थकतात. म्हणजे धाप. औषध जास्त झालं तर? हृदय धडधडतं, स्नायू अशक्त होतात. म्हणजे पुन्हा धाप! ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याला तर औषध एकदम सुरू केलं तरी छातीत दुखू शकतं. म्हणून वयस्कर आणि हृदयरोगी माणसांना आजही अगदी थोड्या डोसपासून सुरुवात करतात. एकच लक्षण आणि दोन उलटी कारणं. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज एकच, बग वेगवेगळे.

हे सगळं मी वाचायला लागलो ते आईमुळे. तिला थायरॉइडची गोळी सुरू होऊन दोन महिने झाले होते आणि दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत ती तीनदा थांबायला लागली. नातेवाइकांचं निदान तयार होतं: "थायरॉइडच आहे, गोळी वाढव." आई म्हणाली, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काही वाढवणार नाही." डॉक्टरांनी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करायला सांगितलं. ईसीजी ठीक, टीएसएच अगदी जागेवर. हिमोग्लोबिन ८! गोळी वाढवली असती तर रक्त कमी ते कमीच राहिलं असतं आणि हृदयावर वरून ताण.

हा टीएसएच म्हणजे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा फीडबॅक. हार्मोन कमी पडलं की ती जोरात ओरडते, जास्त झालं की गप्प बसते. हे ओरडणं रक्तात मोजता यायला लागलं ते १९६० च्या दशकात, रेडिओइम्युनोअ‍ॅसे या तंत्रामुळे. ज्यांनी ते शोधलं त्यांपैकी रोझलिन यालो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. थायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण आठवडा घेतं, म्हणून डोस बदलला की सहा ते आठ आठवडे थांबून मग चाचणी. चार दिवसांत 'फरक नाही' म्हणून गोळी वाढवण्यात अर्थ नसतो. मात्र बसल्या जागी धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर रिपोर्टची वाट बघायची नाही. सरळ हॉस्पिटल.

मला या इतिहासातली एक गोष्ट फार आवडते. मेंढीच्या अर्कापासून आजच्या पांढऱ्या गोळीपर्यंत औषध मुळात तेच राहिलं. बदललं ते मोजणं. आणि मोजता येतं म्हणूनच 'थायरॉइडमुळे असेल' हे वाक्य आता तपासून बघता येतं. ही सोय मरेच्या त्या बाईंना २८ वर्षांत एकदाही मिळाली नाही.

असो. तूर्तास इतकंच.