रायफल क्लबचा अर्ज आणि १८७८ चा कायदा

पन्नाशी ओलांडून चार-पाच वर्षे झाल्यावर मी एका रायफल क्लबचा सभासद झालो. नेमणूक उत्तर भारतातील एका जिल्ह्याच्या शहरात होती. निवासस्थानापासून दीड-दोन किलोमीटरवर क्लबची जुनी बैठी इमारत, मागे मातीचा उंच बांध आणि बाजूला पत्र्याच्या छपराखाली दहा मीटरची एअर रायफलची रेंज. दिवसभर फायलींवर भिरभिरणारे लक्ष संध्याकाळी एका ठिकाणी स्थिर करावे, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

क्लबचा अर्ज चार पानी होता. नाव, वडिलांचे नाव, पत्ता, व्यवसाय, पूर्वीचा शस्त्रपरवाना असल्यास त्याचा तपशील, एखादा खटला प्रलंबित आहे काय, पोलीस पडताळणीस संमती, दोन जुन्या सभासदांची शिफारस. आणि शेवटचा रकाना, ‘सभासद होण्याचा हेतू’. इतरांच्या अर्जांवर ‘हेतू स्पष्ट करावा’ असा शेरा मारून ते परत पाठवण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. त्या रकान्यापुढे मात्र माझी लेखणी बराच वेळ अडली. शेवटी ‘खेळ’ एवढाच शब्द लिहिला. तो पुरेसा आहे, किंबहुना कायद्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, हे पुढे जुने कायदे चाळताना लक्षात आले. ह्या एका रकान्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने सर्वप्रथम जी पावले उचलली, त्यांत जनतेला निःशस्त्र करणे हे एक होते. १८५७ चा २८ वा आणि १८६० चा ३१ वा कायदा त्याच भीतीतून जन्मले. परंतु त्या धोरणाला कायमचे आणि देशव्यापी रूप आले ते लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना झालेल्या १८७८ च्या ११ व्या कायद्याने. देशी भाषांतील वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदाही त्याच वर्षाचा. शस्त्र कायद्यातील ‘शस्त्र’ ह्या शब्दात बंदूक होतीच. शिवाय तलवार, खंजीर, भाला, भाल्याचे पाते आणि धनुष्यबाणही होते. म्हणजे संस्थानिकाच्या तोफेपासून वनवासी माणसाच्या तिरकमठ्यापर्यंत सारे एका व्याख्येत आले.

ह्या कायद्याचे खरे मर्म मात्र त्यातून दिलेल्या सवलतींमध्ये होते. युरोपीय माणसाला परवान्याची गरज नव्हती; भारतीयाला होती. काही पदवीधारक, काही हुद्देदार आणि मर्जीतले संस्थानिक व जमीनदार यांनाही सूट होती. मागणारा माणूस शस्त्राचे काय करणार, हा प्रश्नच नव्हता. तो कोण आहे, एवढाच प्रश्न होता. त्याच काळात कलकत्ता, मुंबई अशा शहरांत गोऱ्यांची आणि अँग्लो-इंडियनांची स्वयंसेवक रायफल पथके होती. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर गोरा कारकून रायफल घेऊन नेमबाजीचा सराव करू शके. १८८५ मध्ये पंजदेह येथे रशियन फौजा पुढे सरकल्या आणि युद्धाचे ढग जमले, तेव्हा अनेक सुशिक्षित भारतीयांनीही स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवण्याची परवानगी मागितली. साम्राज्याच्या रक्षणासाठी केलेली ती विनंती होती, तरीही ती नाकारली गेली.

तो नकार फार बोचला. १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात काँग्रेसने स्वयंसेवक पथकांचा प्रश्न उचलला आणि १८८७ च्या मद्रास अधिवेशनात शस्त्र कायद्यात बदल करण्याची मागणी केली. पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष दादाभाई नौरोजी होते, दुसऱ्याचे बद्रुद्दीन तय्यबजी. बंडाचा विचारही मनाला न शिवणारी ही माणसे. त्यांचा रोष बंदूक नाही म्हणून नव्हता. आपल्यावर विश्वास नाही, हे कायद्याच्या पुस्तकात छापून ठेवले आहे, यासाठी होता. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात, साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या काळ्या कृत्यांत सर्वांत काळा गणला जाईल, अशा आशयाचे उद्गार काढले होते, हे या संदर्भात ध्यानात घ्यावे.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या नियमांनी, वंशावर आधारलेली सरसकट सूट गेली. पदवी आणि हुद्दा यांवर आधारलेल्या सवलती मात्र राहिल्या. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावातून आकाराला आलेल्या मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असावा, असे कलम होते. म्हणून स्वातंत्र्यानंतर घटना समितीत हा विषय निघणे स्वाभाविकच होते. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. कामत मूळचे आय.सी.एस. अधिकारी, १९३८ मध्ये राजीनामा देऊन राजकारणात आलेले. जिल्हा प्रशासन म्हणजे काय हे ते आतून जाणत होते. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती स्वीकारली नाही. हा मूलभूत हक्क ठरला तर सराईत गुन्हेगारही तो मागू लागतील, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती नामंजूर झाली. आज घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात शस्त्रांचा उल्लेख आहे, तो शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याच्या हक्कात.

मला स्वतःला डॉ. आंबेडकरांचा निर्णय योग्य वाटतो. फाळणीच्या रक्तपाताला तेव्हा पुरती दोन वर्षेही उलटली नव्हती. परंतु हक्क नाकारला म्हणजे अविश्वासाचा प्रश्न सुटला असे होत नाही. प्रजेवरचा अविश्वास हा परकीय सत्तेचा पाया होता. स्वतःच्या नागरिकांविषयी प्रजासत्ताकाने कोणती भूमिका घ्यावी, याचे उत्तर द्यायचे राहिलेच होते.

ते उत्तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमात मिळते. हा अधिनियम आणि त्याखालील नियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आले. त्याच्या उद्देशपत्रात, ज्याची पार्श्वभूमी वा प्रवृत्ती आड येत नाही अशा कोणाही नागरिकाला परवान्यावर स्वसंरक्षणाचे शस्त्र मिळू शकावे, असा विचार मांडलेला आहे. चाकू, भाले, धनुष्यबाण यांवरील सरसकट बंधन सैल करण्याचाही हेतू होता. त्यातील १३ वे कलम शासकीय सेवेतील प्रत्येकाने एकदा तरी सावकाश वाचावे. सर्वसाधारणतः परवाना अधिकाऱ्याला मागणीचे ‘योग्य कारण’ पटले पाहिजे. परंतु काही बाबतींत, १४ व्या कलमातील नकाराची कारणे नसतील तर, परवाना ‘दिला पाहिजे’ असे बंधन अधिकाऱ्यावरच आहे. त्यात पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणारा शेतकरी आहे. आणि केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा वा संघटनेचा सभासद आहे, ज्याला लक्ष्यवेधाच्या सरावासाठी पॉइंट टू-टू रायफल किंवा एअर रायफल हवी आहे. ‘तू कोण’ हा १८७८ चा प्रश्न येथे मागे पडला आणि ‘कशासाठी’ हा प्रश्न पुढे आला. माझ्या अर्जातील शेवटच्या रकान्याचा उगम हा असा आहे.

जुन्या पद्धतीच्या काही खुणा अजून उरल्या आहेत. कोडगूच्या कोडव समाजाला आणि तेथील जम्मा जमीनधारकांना एकोणिसाव्या शतकात मिळालेली सूट स्वतंत्र भारतातही चालू राहिली, २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. पण असे अपवाद थोडे.

प्रश्न असा की कायद्याने क्लबच्या सभासदावर इतका विश्वास का टाकावा? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जेम्स ब्यूकॅनन यांचा १९६५ मधील क्लबविषयक सिद्धान्त आठवतो. काही सोयी पूर्णतः खासगी नसतात आणि पूर्णतः सार्वजनिकही नसतात. मर्यादित सभासदांनी खर्च वाटून घेतला तरच त्या परवडतात. रेंज ही तशीच सोय आहे. परंतु माझ्या मते त्याहून महत्त्वाचा मुद्दा माहितीचा आहे. जिल्हाधिकारी अर्जदाराला काही वर्षांतून एकदा पाहतो, तेही कागदावर. क्लबमधला प्रशिक्षक त्याला दर आठवड्याला पाहतो. नेम चुकल्यावर कोण चिडतो, कोणाचा हात थरथरतो, कोण नळीची दिशा विसरतो, हे त्याला ठाऊक असते. जी देखरेख शासनाला करता येत नाही, ती कायद्याने क्लबकडे सोपवली आहे. २०१६ च्या नियमांत परवान्याच्या अर्जदाराला सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणण्याची अट आली, तीही ह्याच विचाराची पुढची पायरी म्हणता येईल. परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा १९८३ मध्ये तीन आणि २०१९ मध्ये दोन अशी कमी होत गेली, तरी लक्ष्यवेधासाठी अशी रायफल वापरणाऱ्या क्लब सभासदासाठी वेगळी तरतूद कायम राहिली.

आमचे प्रशिक्षक सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. सारे त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकही छर्रा दिला नाही. तासभर केवळ रायफल उचलायला, नळी लक्ष्याकडेच ठेवायला, बोट चापाबाहेर ठेवायला आणि खाली ठेवताना ती रिकामी असल्याचे शेजाऱ्याला दाखवायला शिकवले. “साहेब, नेम नंतर. आधी शेजारच्या माणसाला तुमची भीती वाटता कामा नये,” असे ते म्हणाले. दहा मीटरवरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. महिनाभरात त्या ठिपक्याच्या आसपास माझे फारसे येणे-जाणे झाले नाही, हे प्रांजळपणे सांगतो.

त्याच आठवड्यात चौदा वर्षांची एक मुलगी आणि रिक्षा चालवणारे तिचे वडील क्लबच्या कार्यालयात बसलेले दिसले. शाळेच्या शिबिरात तिने चांगला नेम धरला होता. अर्ज पूर्ण भरलेला होता. अडले होते ते दोन सभासदांच्या शिफारशीवर. वडील क्लबमधल्या कोणालाच ओळखत नव्हते. माझ्या अर्जावर त्या दोन सह्या अर्ध्या तासात झाल्या होत्या, आणि सह्या करणाऱ्या दोघांनीही मला त्याआधी कधी पाहिले नव्हते. त्यांनी माझा हुद्दा पाहिला होता.

घरी परतताना लिटनच्या कायद्यातील सवलतींची यादी मनातून जाईना. संसदेने ‘कोण’ हा प्रश्न पुढच्या दाराने बाहेर काढला होता. आम्ही तो क्लबच्या अर्जातून मागच्या दाराने आत घेतला होता. शासन जेव्हा आपले काम एखाद्या संस्थेकडे सोपवते, तेव्हा त्या संस्थेचा साधा नियमही शासनाचाच नियम होऊन बसतो. हे आपण प्रशासनातली माणसे सहसा विसरतो.

नवा सभासद असल्यामुळे माझी शिफारस चालणार नव्हती. म्हणून कार्यकारिणीला लेखी विनंती केली की अल्पवयीन खेळाडूंच्या बाबतीत एका सभासदाऐवजी मुख्याध्यापकांचे पत्र ग्राह्य धरावे. दोन बैठका झाल्या. एक सभासद म्हणाले, “अशाने कोणीही येईल.” उस्ताद कोपऱ्यात बसले होते, ते एवढेच म्हणाले, “येऊ द्या. शिकवायला मी आहे, घरी पाठवायलाही मीच आहे.” ठराव मंजूर झाला. दुसरी सही उस्तादांनी केली.

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, पुढे पहिल्या लोकसभेचे सभापती. मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातले, कर्मभूमी अहमदाबाद. गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेल्या ह्या सत्याग्रही वकिलाने रायफल संघटना उभी करावी, याचे पूर्वी मला नवल वाटे. आता वाटत नाही. त्या खेळाचे पहिले मोठे नाव बिकानेरचे महाराजा करणी सिंह, १९६२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेतील रौप्यपदकाचे मानकरी. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा, तेव्हा रेल्वेतील तिकीट तपासनीस. महाराजांपासून तिकीट तपासनिसापर्यंत यायला बासष्ट वर्षे लागली.

ती मुलगी आता मंगळवारी आणि शनिवारी येते. क्लबची रायफल तिच्या मानाने जड आहे. मागच्या शनिवारी ती माझ्या शेजारच्या लेनमध्ये होती. सराव संपल्यावर तिने रायफल उघडून, रिकामी असल्याचे मला दाखवून खाली ठेवली आणि मी मान हलवेपर्यंत ती थांबली. मग मीही माझी तिला दाखवली.