सूचना पुसताना पडद्यावर दिसणारी गती
संगणकाच्या पडद्यावर साचलेल्या सूचना एका क्लिकसरशी नाहीशा झाल्या, तर नेमके काय घडले, हे नजरेला उमगत नाही. म्हणून त्या बाजूला सरकत दिसेनाशा होतील, अशी ॲनिमेशनची योजना केली जाते.

लिनक्सवरील ‘नोम’ या मुक्त डेस्कटॉपमध्ये २०१५ च्या ३.१६ आवृत्तीपासून सूचना दिनदर्शिकेलगतच्या यादीत जमा होतात. यादी रिकामी करताना त्या एकापाठोपाठ एक सरकतात. सूचनांची संख्या वाढली, की दोन सूचनांमधील कालांतर घटवले जाते. त्यामुळे प्रतीक्षा लांबत नाही.

६० हर्ट्‌झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. तेवढ्या अवधीत संपूर्ण यादीची मांडणी पुनःपुन्हा मोजावी लागल्यास हालचाल अडखळते. यास्तव सूचना आधी सरकवून रिकामी जागा शेवटी मिटवणे सोयीचे ठरते.

मात्र अंतर्कर्णाशी निगडित संतुलनविकार असलेल्या व्यक्तींना अशा हालचालींमुळे भोवळ किंवा मळमळ जाणवू शकते. ‘डब्ल्यूसीएजी २.१’ या २०१८ च्या वेब सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, वापरकर्त्याच्या क्रियेमुळे सुरू होणारे अनावश्यक ॲनिमेशन बंद करता यावे, असा सर्वोच्च स्तराचा निकष आहे. विंडोज, मॅकओएस आणि नोम या तिन्हींच्या सेटिंग्जमध्ये ॲनिमेशन कमी किंवा बंद करण्याची सोय उपलब्ध आहे. ती निवडल्यानंतरही सूचना पुसल्या गेल्याचे वापरकर्त्यास स्पष्टपणे कळणे आवश्यक असते.